नांगरावर असताना बोटीवर वीज पडली तर, आधी काय तयार ठेवायचं

मे किंवा ऑक्टोबरमध्ये मांडवा-अलिबागकडे शिडाची बोट घेऊन रात्री नांगरावर थांबणार असाल तर तयारी दुपारीच करा, कारण या दिवसांत गडगडाटी ढग बरेचदा सह्याद्रीकडून येतो, दिवसभर पूर्वेला फुगत राहतो आणि आपण पश्चिमेला सूर्यास्त बघत बसलेलो असतो. फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, जवळपासच्या विजांची सूचना देणारं दामिनी अ‍ॅप असू दे. नाहीतर वीज चमकली की सेकंद मोजा, 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर, आणि 30 च्या आत गडगडलं की सगळे केबिनमध्ये, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कोणीही वर जायचं नाही.

म्हणून डेकवरची कामं आधी उरकायची. साखळी जास्तीची सोडून ठेवा, शिडं घट्ट बांधा, पोहणाऱ्यांना वर घ्या. वारा सुटल्यावर कोणीतरी साखळी सोडायला पुढे धावतं आणि नेमकं तेव्हाच ओल्या साखळीला नाहीतर स्टेला (डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारेला) हात लावून उभं असतं, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. केबिनमध्येही डोलकाठीपासून लांब बसा. व्हीएचएफच्या (बोटीच्या रेडिओच्या) अँटेनाची केबल काढून बाजूला ठेवा, हँडहेल्ड व्हीएचएफ आणि जादाचा जीपीएस फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.

आता तळ. फायबरमधून वीज वाहत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीतून मस्त वाहते, आणि खाली आल्यावर तिला पाण्यात जायला रस्ता लागतो. डोलकाठीच्या बुडापासून पाण्याखालच्या प्लेटपर्यंत (निदान 1 चौरस फुटाची हवी) जाड तांब्याची केबल शक्य तितकी सरळ नेलेली असेल तर बरं, नाहीतर वीज मधेच उडी मारते आणि टॉयलेट, सिंक, इंजिनच्या पाण्याच्या फिटिंगमधून भोक पाडून बाहेर पडते. केबल असली तरी वीज पडणारच नाही असं नाही. जोडांवर हिरवा गंज चढतो, तो सीझनच्या आधी घासून काढा. आणि प्रत्येक सीकॉकला (तळातल्या पाण्याच्या भोकावरच्या झडपेला) त्याच्या मापाची, भोक बुजवायची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, अंधारात शोधायला वेळ नसतो.

वीज पडलीच तर आधी माणसं मोजा. कोणी निपचित पडलं असेल तर बिनधास्त हात लावा, अंगात करंट राहत नाही, श्वास नसेल तर लगेच सीपीआर, दुसऱ्याने हँडहेल्डवर मदतीच्या हाकेचा चॅनेल 16 किंवा फोनवरून कोस्ट गार्डचा 1554. मग फळ्या उचलून बिल्ज (तळातला पाणी साचणारा भाग) बघा, स्क्रीन कुठले जळले ते नंतर, मी लोकांना जीपीएस चालू करत बसलेलं पाहिलंय आणि खाली पाणी चढत होतं.

बिल्ज कोरडं दिसलं तरी बोट लवकरात लवकर बाहेर काढून तपासा, पाणरेषेजवळ केसाएवढी भोकं पडलेली असू शकतात. होकायंत्रही चुकीचं दाखवू शकतं, त्यामुळे किनाऱ्याच्या खुणा बघत, इंजिन चालत असेल तर इंजिनवरच हळू या, डोलकाठीच्या तारा कोणी जाणकाराने बघेपर्यंत शीड चढवू नका.