जुन्या आऊटबोर्डच्या कूलिंगमध्ये बदल करताय? या चुका टाळा

मालवण, देवबाग, वेंगुर्ला, कुठल्याही किनाऱ्यावर जा, फायबरच्या होडीला पंधरा-वीस वर्षं जुनं दोन-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन, लावलेलं दिसणारच, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांच्या कूलिंगमध्ये कुणीतरी काहीतरी बदल करून ठेवलेले असतात. इंजिन तापलं की डोक्यात पहिलं तेच येतं, थर्मोस्टॅट (तापमान बघून पाण्याची वाट उघडणारी झडप) काढू, पाणी आत ओढायच्या जाळीची भोकं मोठी करू, जादा पंप लावू. माझं सरळ मत सांगतो, जुन्या इंजिनाचं कूलिंग मुळात कमी पडत नसतं, ते तुंबलेलं नाहीतर झिजलेलं असतं. आधी ते नवीन असताना होतं तसं करा, मग बदलाचं बोला.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोक म्हणतात आपला समुद्र आधीच कोमट, थर्मोस्टॅट हवा कशाला. अहो, त्याचं काम इंजिन एका ठरावीक तापमानाला धरून ठेवायचं आहे, बऱ्याच जुन्या दोन-स्ट्रोकमध्ये ते ५० ते ६० डिग्रीच्या आसपास असतं. तो काढला की स्लो स्पीडला, म्हणजे जाळं टाकताना नाहीतर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला फिरताना, इंजिन थंडच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, कार्बन बसून पिस्टनच्या रिंगा चिकटतात. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनाचं तर आणखी वाईट, केरोसीनची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते म्हणूनच आपण ते पेट्रोलवर चालू करून गरम झालं की केरोसीनवर घेतो ना, मग इंजिन थंड ठेवलं की न जळलेलं केरोसीन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. शिवाय काही इंजिनांत वाट अशी मोकळी झाली की आयडलला, म्हणजे इंजिन अगदी हळू नुसतंच चालू असताना, पाणी ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात) भरून राहतच नाही आणि वरचा सिलिंडर तापतो, म्हणजे थंड करायला गेलो आणि झालं उलटंच.

दुसरं टोक म्हणजे गाडीचा ८०-९० डिग्रीचा थर्मोस्टॅट जुळवून बसवणं. खारं पाणी तेवढं तापलं की क्षार झपाट्याने धरतात, म्हणून अजिबात नको. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यातल्या पाण्यात तारेने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस चालू करा, कधी उघडतो ते डोळ्यांसमोर दिसतं.

'पाणी मारता ना, मगे झाला'

हे वाक्य किनाऱ्यावर रोज ऐकू येतं आणि त्यावर विसंबून इंजिनं जातात. मागून जी धार पडते ती पंप फिरतोय एवढंच सांगते, ब्लॉकच्या आतल्या सगळ्या वाटांतून पाणी जातंय की नाही हे नाही सांगत. बऱ्याच इंजिनांत ती धार पाणी पूर्ण फिरायच्या आधीच बाजूला काढलेली असते. आणि धार बारीक दिसली म्हणून लोक नळी मोठी करतात नाहीतर दुसरी धार काढतात, धार मस्त जोरात दिसते, पण ते पाणी आलं कुठून? एक्झॉस्टच्या वाट्याचं. दोन-स्ट्रोकमध्ये तेच पाणी पायातून (इंजिनाचा पाण्याकडे खाली जाणारा लांब भाग) जाणाऱ्या धुराला थंड करतं, ते कमी पडलं की पायाचा रंग भाजून फुगतो, आतले रबर आणि सील जातात. धार बारीक झाली तर आधी भोकात पातळ तार घालून बघा, निम्म्या वेळा मीठ-वाळूच असते.

इंपेलर बदलला तरी तापतंय

इंपेलर म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक. इथे जरा थांबून बघा. पंपाचं घर आणि खालची स्टीलची प्लेट चरे पडलेली असेल तर नुसता नवा इंपेलर टाकून दाब येत नाही, पूर्ण किट घ्या. पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकली पाहिजेत. जुन्या इंपेलरची पाती मोजा, एखादं कमी असेल तर तो तुकडा वर कुठेतरी पाण्याच्या वाटेत अडकलाय, तो काढल्याशिवाय सुटका नाही. आणि खालचा भाग परत चढवताना वरून येणारी पाण्याची नळी पंपाच्या रबरात बसते ना, ती हुकते. नट आवळले जातात, सगळं ठीक वाटतं, पाणी मात्र पायातल्या पायात उडत राहतं. रबराला मरीन ग्रीस लावा, टॉर्च मारून बघत बघत चढवा, दुसरा माणूस हाताशी ठेवा. आणि कोरडं इंजिन 'फक्त एकदा चालू करून बघूया' असं करू नका, काही सेकंदांतच इंपेलरचं रबर जळायला लागतं.

जाळीची भोकं मोठी करणं तर सोडूनच द्या, खाडीच्या तोंडावरची वाळू आणि प्लास्टिक थेट पंपात जाईल. त्यापेक्षा इंजिनाची उंची बघा, पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली हवी, जास्त वर असेल तर पंप हवा ओढतो.

ॲसिड

क्षार काढायला टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओततात, कृपा करून नको. ते क्षारासोबत ॲल्युमिनियमही खातं. पांढरं व्हिनेगर पाणी घालून तासभर फिरवा, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, वेळ लागतो पण ब्लॉक वाचतो.

मग करण्यासारखं काय?

पहिलं, फ्लशिंगसाठी, म्हणजे गोड्या पाण्याने आतून धुवायला, धारेच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून त्याला घट्ट टोपण. पितळी टी नको, खाऱ्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की ॲल्युमिनियम सडतं, प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा घ्या. या टीमधून पाणी सोडताना इंजिन चालू करू नका, खाली पंप कोरडाच असतो. पाण्याच्या इनटेकला रबरी कप लावून इंजिन चालवून धूत असाल तर आयडललाच, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड इंजिनावर दोन मिनिटं पाणी मारून आतलं मीठ तसंच राहतं. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या वेळी इंजिन काढून ठेवता तेव्हा तर हे नक्की करा, नाहीतर नारळी पौर्णिमेला आत दगड झालेला असतो.

दुसरं, सिलिंडर हेडवर तापमानाचा सेन्सर आणि आवाज मोठा असलेला बझर. सगळ्या बदलांत मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण लाटांच्या आणि इंजिनाच्या आवाजात मागे वळून धार कोण बघत बसतं. सोबत तापमान मोजायची गन असू द्या, दोन्ही सिलिंडरच्या हेडवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा, चकाकत्या धातूवर ती चुकीचं दाखवते. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एकच सिलिंडर सतत जास्त तापत असेल तर प्रश्न पंपाचा कमी आणि हेड गॅस्केटचा किंवा त्या बाजूच्या तुंबलेल्या वाटेचा जास्त, मग हेड उघडायलाच लागतं, पण बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि सकाळी थोडं गरम करून हळूहळू मागेपुढे हलवत काढा, जोर लावलात तर बोल्ट आतच तुटतो.