वादळ येतंय म्हणून डिझेलची टाकी रिकामी ठेवू नका

कोकणातल्या मच्छीमार संस्थांच्या डिझेल पंपांची गोची कॅलेंडरातच आहे. १ जूनला मासेमारी बंदी लागते, म्हणून मेअखेर साठा उतरवत आणतात. आणि अरबी समुद्रातली वादळंही याच सुमारास उठतात. 'निसर्ग' ३ जून २०२० ला रायगडात धडकलं, 'तौक्ते' मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत वर सरकलं. टाकी सर्वांत हलकी असते, नेमकं तेव्हाच पाणी चढतं. ('फयान' मात्र नोव्हेंबर २००९ मधलं. पावसाळा संपला म्हणून निर्धास्त होऊ नका.)

हिशेब साधा आहे. जमिनीखालची २० हजार लिटरची टाकी खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडाली, तर पाणी तिला साधारण साडेवीस टनांनी वर ढकलतं. रिकाम्या लोखंडी टाकीचं स्वतःचं वजन अडीच-तीन टन. उरलेला सतरा-अठरा टनांचा जोर टाकी जखडून धरणारे पट्टे, अँकर बोल्ट आणि वरचं काँक्रीट यांनी पेलायचा. पट्टे गंजलेले असतील तर टाकी फरशी फोडून वर येते आणि पाइपांचे जोड उखडतात. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे भरलेली टाकीही पूर्ण तोलाची होत नाही. पण पट्ट्यांवरचा भार एक-दोन टनांवर येतो. म्हणून एप्रिलमध्ये पट्टे-बोल्ट तपासा आणि वादळाआधी टाकी भरा. काठोकाठ नाही, डिप चार्टवरच्या (किती खोलीला किती लिटर, हा तक्ता) सुरक्षित पातळीपर्यंतच.

टँकर कधी मागवायचा? हवामान खातं पहिली पूर्वसूचना ७२ तास आधी देतं, इशारा ४८ तास आधी. पूर्वसूचनेलाच मागणी नोंदवा. इशाऱ्याची वाट पाहिलीत तर सगळ्यांचीच घाई असते, आणि घाटात झाड आडवं झालं की टँकर अडकला.

पाणी किती चढेल ते भरतीच्या वेळेवर ठरतं. 'निसर्ग'च्या वेळी रायगडसाठी अंदाज होता नेहमीच्या भरतीच्या वर १ ते २ मीटरचा. ओहोटीला वादळ आलं तर हे निभावतं, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात नाही. उधाणाच्या पाण्याची खूण धक्क्यावर असतेच. तिच्यावर दोन मीटर धरून पंपाच्या भिंतीवर रंगाने रेघ मारा.

रेघेखाली जे येतं ते सांभाळायचं. फिल पाइप (डिझेल भरायचा) आणि डिप पाइप (पातळी मोजायचा) यांच्या झाकणांचे रबरी गॅस्केट बदला. समुद्राचं पाणी बहुतेक वेळा इथूनच टाकीत शिरतं. मॅनहोलचे सगळे बोल्ट आवळा. व्हेंट पाइपला बोळा कोंबू नका, टाकीला हवा लागते. तोंड रेघेखाली असेल तर पाइप उंच करून घ्या. डिस्पेन्सरचा वीजपुरवठा मुख्य पॅनेलवरून तोडा, नुसता पंपावरच्या बटणावरून नको.

जमिनीवरच्या टाकीचा शत्रू वेगळा. तिच्याभोवतीच्या बांधभिंतीत नुसतं पावसाचं पाणी साचलं तरी रिकामी टाकी तरंगते. पाण्यावर तेलाचा तवंग नाही हे पाहून व्हॉल्व्हने पाणी सोडा आणि व्हॉल्व्ह लगेच बंद करा. उघडा राहिला तर गळालेलं डिझेल थेट खाडीत जातं.

२०० लिटरची भरलेली बॅरलसुद्धा समुद्राच्या पाण्यात तरंगते, हे अनेकांना खरं वाटत नाही. बॅरल उंचावर हलवा किंवा साखळीने एकत्र बांधा.

शेवटचा डिप घेऊन, म्हणजे रॉडने टाकीतली पातळी मोजून, आकडा आणि वेळ वहीत लिहा. वही घरी न्या.

पाणी ओसरल्यावर आधी डिप रॉडच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून टाकीचा तळ तपासा. रंग बदलला किंवा पातळी वहीतल्या आकड्याहून वर गेली, तर एक लिटरही विकू नका. तळचं पाणी बॅरलमध्ये काढून तेलकंपनीला कळवा, ते खाडीत ओतू नका. पाणी आत राहिलं तर डिझेल आणि पाणी भेटतात त्या थरात बुरशी धरते आणि पुढे होड्यांचे फिल्टर तुंबतात. इलेक्ट्रिशियनने मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.