नवं कर्नेल, गायब वायफाय: या चुका टाळा

लिनक्सचं कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपग्रेड केल्यानंतर मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘वायफाय कार्ड उडालं.’ उडालेलं नसतं. आजवर खरोखर मेलेलं कार्ड मी एकच पाहिलंय, आणि त्यावर चहा सांडला होता.

लॅपटॉपचे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. ब्रॉडकॉमच्या वायफाय कार्डांचा ‘डब्ल्यूएल’, एनव्हिडियाचा ड्रायव्हर अशी काही मंडळी मात्र बऱ्याचदा घरची नसतात, पेइंग गेस्ट असतात. घर बदललं की त्यांची कॉट नव्याने लावावी लागते, म्हणजे नव्या कर्नेलसाठी त्यांचं मॉड्यूल (कर्नेलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा) पुन्हा बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस नावाचं साधन करतं, पण त्याला त्याच कर्नेलची हेडर्स, म्हणजे बांधणीच्या फाइली, लागतात. ती नसतील तर मॉड्यूल बांधलंच जात नाही. ‘डब्ल्यूएल’ची शेवटची अधिकृत आवृत्ती तर २०१५ ची. तेव्हापासून डिस्ट्रोवाले (उबुंटूसारखे लिनक्सचे अवतार बनवणारे) तिला ठिगळं लावून चालवतायत.

आता कोथरूडच्या माझ्या भाच्याची गोष्ट. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, उबुंटू २२.०४, सेकंडहँड लॅपटॉप. नव्या कर्नेलवर बॅटरी जास्त टिकते असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि पठ्ठ्याने सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी अपग्रेड केलं. इमेज (म्हणजे खुद्द कर्नेल) आणि मॉड्यूल्सची पॅकेजं नावानिशी टाकली, हेडर्स राहिली. वायफाय गेलं. मग ‘जागा होईल’ म्हणून जुनं कर्नेल काढून टाकलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून बायोसच्या सेटिंग मूळपदावर नेल्या. एवढं सगळं उरकल्यावर मला फोन: ‘मामा, जरा येतोस का?’

जुनं कर्नेल असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मागचं कर्नेल, वायफाय चालू, सबमिशन पूर्ण, दुरुस्ती रविवारी. नीट चालणारं जुनं कर्नेल काढायची ज्यांना घाई असते, त्यांच्या लॅपटॉपला मी हात लावायला नाही म्हणतो. भाचा असल्यामुळे लावला.

मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नेलचा आकडाच नाही. हेडर्स टाकली, मॉड्यूल बांधलं गेलं, आणि ते चढवणारं ‘मॉडप्रोब’ म्हणालं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. बायोस मूळपदावर नेल्याने आधी बंद असलेलं सिक्युअर बूट (अनोळखी सहीचं सॉफ्टवेअर अडवणारा पहारेकरी) परत चालू झालं होतं. आपल्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलची चावी नोंदवल्याशिवाय ते त्याला आत घेत नाही. ‘एमओकेयूटिल’ने चावी आयात केली, पासवर्ड ठेवला, रीस्टार्ट. निळा स्क्रीन आला. भाच्याने तो वाचायच्या आतच एंटर दाबलं. तिथे पहिलाच पर्याय ‘कंटिन्यू बूट’. चावी नोंदलीच गेली नाही, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी मी त्याला हात मांडीखाली ठेवून बसवलं आणि स्वतः ‘एन्रोल एमओके’, म्हणजे चावी नोंदवा, हे निवडलं. आपण काहीच दाबलं नाही तरी तो स्क्रीन दहा सेकंदांत निघून जातो, त्यामुळे रीस्टार्ट देऊन पाणी प्यायला जाऊ नका.

सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, मला ठाऊक आहे. लॅपटॉप तुमचा आहे, करा. पण बंद केलंय हे लक्षात ठेवा.

माझी सवय सांगतो. सगळं नीट चालत असताना ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर ते दाखवणारी आज्ञा) हिचा निकाल एका फाइलमध्ये ठेवतो आणि ‘युनेम -आर’चा, म्हणजे चालू कर्नेलचा, आकडा लाइटबिलाच्या पाठीमागे लिहितो. बिघडलं की तीच आज्ञा पुन्हा देऊन दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. कार्डाखालची ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ गायब असेल तर कार्ड दिसतंय, ड्रायव्हर लागलेला नाही. ओळ असेल आणि तरी वायफाय नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ पाहा. कितीदा तरी एअरप्लेनचं बटणच दाबलेलं निघतं.

‘डीमेसेज’मध्ये (कर्नेलच्या संदेशांत) फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डात चढवायच्या सॉफ्टवेअरच्या, नावापुढे ‘एरर -२’ आला तर फाइलच सापडलेली नाही. फर्मवेअरचं पॅकेज अपडेट करा, ड्रायव्हर उपटू नका.

कर्नेल जिथे बसतं ते ‘/बूट’ वेगळं पार्टिशन असेल तर अपग्रेडआधी जागा बघा.

स्क्रीन काळा पडला म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरला थोपवणारं ‘नोमोडसेट’ टाकलंत? ठीक. पण ते ग्रबमध्ये कायमचं ठेवून महिन्याने ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत म्हणून मला विचारू नका.

विंडोजही असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते विंडोजला पूर्ण बंद होऊ देत नाही. नुसतं रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून चालू करा.

गुरुवारी अपग्रेड नको, तो देखभालीसाठी लाइट जायचा वार. पुण्यात राहून हे सांगावं लागतं, म्हणजे कमाल आहे. बॅटरी थकलेली आणि लाइट गेलेली, अर्धवट बसलेलं पॅकेज सोडवायला मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा.

आणि टेदरिंगसाठी डेटा जाणारी केबल घरात ठेवा. भाच्याकडे होती ती नुसती चार्जिंगची निघाली, म्हणून रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंची बेल वाजवावी लागली. काकूंनी केबल दिली, पण आधी कोणाचं काय बिघडलं ते सगळं ऐकून घेतलं.