पहिल्या रोबोट किटसाठी यूएसबी की सीरियल?

किटच्या खोक्यावर कुठे ‘यूएसबी बोर्ड’ लिहिलेलं असतं, तर कुठे ‘सीरियल प्रोग्रॅमिंग’. आर्डुइनो ऊनो (रोबोट चालवणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड; इथे त्याची आर३ आवृत्ती धरली आहे) घेतला तरी आत शेवटी सीरियलच चालतं, म्हणजे डेटा एका तारेवरून एकेक बिट करत जातो. फक्त यूएसबीचं सीरियल करणारी चिप बोर्डावरच बसवलेली असते: मूळ ऊनो आर३ वर एटीमेगा१६यू२, स्वस्त नकलेवर बहुधा सीएच३४०. आर्डुइनोच्याच प्रो मिनी बोर्डावर अशी चिप नसते, तिथे सुटं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल (तीच चिप असलेली छोटी पट्टी) जोडावं लागतं. म्हणजे ठरवायचं एवढंच, की चिप बोर्डावर हवी की सुटी.

पहिल्या किटसाठी ती बोर्डावरच असू द्या. ऊनो किंवा नॅनो घ्या. प्रो मिनी स्वस्त दिसतो, पण मॉड्यूलचे पैसे धरले की बचत फारशी उरत नाही आणि चुकायच्या जागा मात्र वाढतात. टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) उलटसुलट जोडायचे (याचा टीएक्स त्याच्या आरएक्सला), ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक तार) जोडायचा, बोर्ड ३.३ व्होल्टचा की ५ चा ते पाहून मॉड्यूलचा जंपर लावायचा. मॉड्यूलला डीटीआर पिन (बोर्ड आपोआप रीसेट करणारी) नसेल तर अपलोड सुरू होताना रीसेटचं बटण नेमक्या क्षणी दाबायचं. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो.

जुन्या डेस्कटॉपच्या मागे ९ पिनांचा सीरियल पोर्ट असेल तर त्याला बोर्ड थेट जोडू नका. त्या पोर्टवरचा सिग्नल उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि उलटाही असतो. बोर्डाला ० ते ५ व्होल्टच चालतात. मध्ये मॅक्स२३२ चिप नसेल तर पिन जळते.

यूएसबीने जोडताना आधी केबल तपासा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही. केबल डेटाची असूनही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट आला नाही, तर सीएच३४० चा ड्रायव्हर टाका. उबुंटूसारख्या लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली जात असेल, तर आपलं खातं ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करा. नॅनोच्या नकलेवर अपलोड अडकलं, तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ (बूटलोडर म्हणजे अपलोड स्वीकारणारा बोर्डातला छोटा प्रोग्रॅम) निवडून पाहा. त्याचा वेग ५७६०० असतो, नव्याचा ११५२००. सीरियल मॉनिटरमध्ये (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) अगम्य अक्षरं आली तर वायरिंगकडे जाण्याआधी बॉड रेट, म्हणजे सीरियलचा वेग, पाहा. प्रोग्रॅममध्ये ९६०० असेल तर मॉनिटरमध्येही ९६००च हवा.

मोटारी यूएसबीवर चालवू नका. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपियर मिळतात. पिवळ्या गिअरमोटारीचं चाक अडकलं की ती एकटीच त्याहून जास्त ओढू शकते. मग बोर्ड मध्येच रीसेट होतो आणि दोष प्रोग्रॅमवर जातो. मोटारींना बॅटरी वेगळी द्या, पण मोटार ड्रायव्हरचा (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटारींना वीज देणाऱ्या पट्टीचा) आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडा. एल२९८एन या मोटार ड्रायव्हरची ५ व्होल्टची तार बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला लावली असेल, तर यूएसबी जोडण्याआधी ती काढा. नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भिडतात.

आणखी एक, बहुतेकांना उशिरा कळणारी गोष्ट: सीरियल मॉनिटर उघडला की ऊनो रीसेट होतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. रोबोट टेबलावर असेल तर तो सरळ खाली. चाचणी करताना चाकं अधांतरी राहतील असा ठोकळा खाली ठेवा.

उघड्या सीरियल पिना खऱ्या उपयोगी पडतात त्या केबल काढल्यावर. एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल त्यांनाच जोडतात. त्याचा आरएक्स ३.३ व्होल्टचा असतो, म्हणून बोर्डाच्या टीएक्सपासून १ किलोओहमचा आणि पुढे ग्राउंडकडे २ किलोओहमचा रेझिस्टर लावून मधल्या जोडावरून सिग्नल द्या. मॉड्यूल पिन ० आणि १ वर असेल तर अपलोडच्या वेळी ‘नॉट इन सिंक’ असा एरर येतो, कारण यूएसबीची चिपही त्याच पिनांवर बोलत असते. दर वेळी तारा काढायचा कंटाळा आला, तर सॉफ्टवेअरसीरियल लायब्ररी वापरून मॉड्यूल पिन १० आणि ११ वर न्या, आणि वेग ९६००च ठेवा. ११५२०० वर ऊनोची ही लायब्ररी अक्षरं गाळते.