सिनॅरियो टेस्टिंग: आधी माणूस उभा करा

कांदा लिलावाच्या ॲपचं टेस्टिंग माझ्याकडे आहे. इथे नाशकात एसीत बसून 'लॉगिन होतं, बटण चालतं' असं लिहून भागत नाही. सिनॅरियो म्हणजे ॲप वापरणाऱ्याची खरी वाटणारी गोष्ट, तिच्यातून ॲप तपासायचं. तो लिहायचा तर आधी माणूस उभा करायचा.

माझा एक ठरलेला आहे. निफाडकडचा शेतकरी, सातबारा आणि बँक खातं वडिलांच्या नावावर, मोबाइल याचा. ट्रॅक्टर घेऊन लासलगावला आला. भाव ठरला क्विंटलला १,८५० रुपये, वजन भरलं १८ क्विंटल ४० किलो. 'जतन करा' दाबलं आणि रेंज गेली. कुणीही करेल तेच त्याने केलं, पुन्हा दाबलं. पावती एकच निघाली का? हमाली-तोलाई कापण्याआधीची रक्कम ३४,०४० आली का? पैसे वडिलांच्याच खात्यात दाखवतंय ना? आणि ट्रॉलीच्या तळाला गोल्टी (बारीक कांदा) निघाली म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला, तर जुनी पावती रद्द होते की दोन्ही जिवंत राहतात? माझा जीव या शेवटच्या प्रश्नात असतो.

अपेक्षित उत्तर ॲप उघडण्याआधीच लिहा. नंतर स्क्रीनवरचा आकडाच बरोबर वाटायला लागतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगचे अभ्यासक केम केनर यांनी २००३ मध्ये चांगल्या सिनॅरियोचे निकष मांडले, त्यातही निकाल सहज तपासता यावा ही अट आहेच.

सुटी फीचर्स मात्र आधी तपासून घ्या. नाहीतर नोंदणीच्या स्क्रीनवरच गाडी अडते आणि पावतीपर्यंत कुणी पोचतच नाही. नवे सिनॅरियो हवे असतील तर मुनिमाशेजारी तासभर बसा, रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये ते सापडत नाहीत.