तण उपटायच्या आधी एकदा खणून बघा

सांवेरकडे आमची नऊ बिघे जमीन आहे, काळी, पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू नाहीतर लसूण. मी राहतो इंदुरात, नोकरी करतो, शेतावर फक्त रविवारी, म्हणजे तणाला असा मालक मिळणं म्हणजे लॉटरीच. पहिली दोन वर्षं मी नुसता उपटत होतो, घाम गाळून, आणि पंधरा दिवसांनी तिथेच परत तेच हिरवं. शेवटी आमच्याकडे डोरा (कोळपं) चालवणारे काका वैतागून म्हणाले, भिया, वरची पानं काय ओढता, खाली त्याचं दुकान सुरूच आहे.

तर पहिलं काम हेच. जे तण जास्त दिसतंय त्याची चार-पाच झाडं खुरप्याने, माती ओली असताना, हळूहळू खणून काढा, ओढून नाही. ते गाठीवर वाढतंय, कांड्यावर वाढतंय की बियांवर, हे कळलं की अर्धं डोकं शांत होतं, कारण तिघांचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खत ठरतो.

लव्हाळा घ्या, इकडे सगळे मोथाच म्हणतात. पानांच्या बुडाशी छोटा फुगवटा असतो, त्यातून काळपट वायरीसारखा धागा निघतो, तो धरून खाली गेलात की चार बोटांवर बोरासारखी तपकिरी गाठ, तिच्यातून परत धागा, परत गाठ. मी एकदा अशी सात गाठींची माळ अखंड काढली होती, हाताला नागरमोथ्याचा वास दिवसभर. आता यातली गंमत अशी की माळ अखंड असते तोवर पुढचं कोंब आलेलं टोक मागच्या बऱ्याच गाठींना झोपवून ठेवतं. आपण ओल्या शेतात रोटाव्हेटर फिरवतो, माळ तुटते, आणि झोपलेल्या गाठी जाग्या होऊन आपापलं झाड काढतात. मी हेच केलं होतं, वर ट्रॅक्टरवाल्याला पैसेही दिले. म्हणून लव्हाळ्याच्या पट्ट्यात रोटाव्हेटर नाहीच, त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये कोरड्यात नांगरट करून ढेकळं तशीच पडू द्या, मधे एकदा उलथी करा, गाठी बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात आणि मालव्याच्या उन्हात वाळून मरतात. एका उन्हाळ्यात सगळा जाईल अशी आशा मात्र ठेवू नका.

हराळीचं जवळपास असंच, फक्त तिला गाठ नाही, प्रत्येक पेराला मूळ फुटतं. नांगराच्या फाळात अडकलेला वीतभर तुकडा पलीकडच्या बिघ्यात गेला की तिथे हराळी. अवजार एका तुकड्यातून दुसऱ्यात नेताना फाळ झाडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही, मीसुद्धा विसरतो.

केना मात्र सगळ्यात आतल्या गाठीचा. वर ती छोटी निळी फुलं दिसतात ना, तेवढीच नसतात. नीट खणलंत तर मुळाजवळ पांढरट कोंब मातीतच सापडतील, त्यावर न उमलणारी बंद फुलं असतात, तिथल्या तिथे फळतात आणि बी मातीतच तयार. म्हणजे आपण वरचं तोडून खुश, खाली पुढच्या वर्षाची पेरणी झालेली. शिवाय उपटलेला केना पावसात मेरेवर, म्हणजे बांधावर, टाकला तर पेरांना मुळं फुटून तो परत उभा राहतो. केना लहान असतानाच मुळासकट काढायचा आणि शेताबाहेर कडक जागेवर ढीग करायचा, बस.

आता बियांवाले. गाजर गवत १९५५ ला पहिल्यांदा पुण्यात नजरेला आलं असं सांगतात, आज इंदूरचा कुठला रिकामा प्लॉट त्याच्याशिवाय आहे दाखवा. एका झाडाला १५-२० हजार बिया सहज, आणि ओल असली तर उगवल्यापासून महिन्याभरात फुलायला लागतं. तेव्हा पांढरी फुलं यायच्या आत, हातमोजे घालून (खाज आणि ॲलर्जी होते, खरंच), मुळापासून. मेरेवरचं पण, कारण शेतातलं काढून मेर सोडली तर काही उपयोग नाही.

पण बियांवाल्या तणाचा खरा साठा मातीत असतो. अमेरिकेत मिशिगनला १८७९ मध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी तणांचं बी वाळूत मिसळून बाटल्यांमधून पुरून ठेवलं, त्यातली एक बाटली २०२१ ला काढली तर त्यातलं काही बी तेव्हाही उगवलं. बारीक बी खोल असलं की उगवत नाही, नांगरटीत वर येतं, बऱ्याच जातींना क्षणभर उजेड दिसला तरी पुरतो, मग उठतं. याचाच फायदा घ्यायचा. सोयाबीन चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सगळे सांगतातच, तर तेवढ्या दिवसांत पहिल्या सरींवर तण उगवू द्या, दोन-तीन पानांवर आलं की हलकं बक्खर (वखर), दोन इंचांच्या वर नाही, आणि लगेच पेरणी. खोल गेलात तर जुना साठा परत वर. शेजारी पेरतोय आणि आपण तण उगवायची वाट बघतोय, हे आठ-दहा दिवस जीवाला फार खातात, मला माहितीये. पेरल्यावर १५-२० दिवसांनी पहिला डोरा आणि साधारण ३०-३५ ला निंदणी, त्यानंतर सोयाबीनच सावली धरतं.

आणि बाहेरून येणारं. घरचं सोयाबीन बियाणं स्पायरल ग्रेडरमधून काढा, गोल दाणा जोरात घरंगळत बाहेरच्या पन्हळीत जातो, चपटा-फुटका आणि बरंचसं तणाचं बी आत हळू उतरतं. गव्हाच्या वेळी पंजाबकडून येणारे हार्वेस्टर कुठल्या कुठल्या शेतातलं बी पोटात घेऊन येतात, आपल्या शेतात घुसायच्या आधी रस्त्यावरच मशीन दोन मिनिटं रिकामं चालवून झाडून घ्यायला सांगा, ड्रायव्हर तोंड वाकडं करेल, चहा पाजा. पॅंटला चिकटलेले गोखरू शेतात झटकू नका, मेरेवर पण नको, त्या एका काटेरी फळात दोन बिया असतात, एक आधी उगवते आणि दुसरी मागून, म्हणजे आपण निवांत झाल्यावर.

शेणखतावर मी सर्वात जास्त पोळलोय. स्वस्तात दोन ट्रॉल्या घेतल्या, अर्धकच्चं निघालं, गुरांच्या पोटातून बरंच बी साबूत बाहेर पडतं आणि ढीग आतून नीट तापला नाही तर ते मरत नाही. त्या वर्षी लसणात लसूण शोधावा लागला. तेव्हापासून ट्रॉली घेण्याआधी ढिगाच्या तीन जागांवरून एकेक तगारी (घमेलं) खत आणतो, घरी बाल्कनीत ठेवून रोज पाणी मारतो आणि पंधरा दिवस बघतो काय उगवतंय ते. पावसाळी तण थंडीत उगवत नाही, त्यामुळे ही परीक्षा फक्त चालू हंगामापुरती. आत्ता तीन तगाऱ्या ठेवल्यात, दोन कोऱ्या आहेत आणि तिसरीत, ढिगाच्या कडेचं खत होतं ते, काल अकराव्या दिवशी बथुआ (चाकवत) दिसला, बायको म्हणते भाजी होईल, मी ट्रॉलीवाल्याला नको म्हणून फोन केलाय.