पात्रनिवडीला येताय?

गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी आमच्या फोंड्याच्या मंडळात पात्रनिवड मीच घेतो. दोन मिनिटांचा उतारा तोंडपाठ हवा. जत्रेतल्या नाटकात विंगेतला प्रॉम्प्टर सांभाळून घेतो, इथे कोणी नाही. घरी आपण कोंकणी बोलतो, तो हेल मराठी वाक्याच्या शेवटी हळूच डोकं काढतो. आपलंच बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका, लगेच कळेल. (माझं ऐकून मी दोन दिवस गप्प होतो!)

संगीत नाटक असेल तर स्वतःची पट्टी, म्हणजे आपला आवाज कुठल्या सुरात नीट बसतो ते, ठाऊक हवी. मी पहिल्यांदा 'काहीही चालेल' म्हणालो. पेटीवाल्याने काळी चार (माझ्यासाठी फार उंच पट्टी) दाबली आणि अंतऱ्यावर माझा आवाज फाटला.

तालमीला कुठले वार जमतील ते लिहून आणा. शिगम्यात गायब होणार असाल, तर तेही आत्ताच सांगा.